न्हाणमावशीचा हात

मुलगा की मुलगी, हे न्हाणमावशी नंतर विचारायची. आधी ती बाळाचा कान दुमडून त्याची मागची बाजू बघायची. जन्मतः मूल तांबूसच दिसतं, त्याचा खरा रंग कानामागे लपलेला असतो, असं तिचं म्हणणं. कान उजळ निघाला तर ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. नाही निघाला तर आवाज खाली आणून म्हणायची, "सावळा हाय. बघू, चोळून निघंल." माझ्या वेळी ती बराच वेळ गप्प बसली होती म्हणे. आई हे हसत हसत सांगते. मला ते लहानपणी लागायचं आणि खोटं कशाला बोलू, अजूनही लागतं.

मुरबाडजवळच्या आमच्या गावात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम तिचंच होतं. पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर पालथं घालायची आणि डाळीचं पीठ, साय, आंबेहळद असं एकेक लावत चोळायची. हात असा की किंचाळणारं मूल न्हाणीतच झोपी जायचं. तिचा स्वतःचा रंग तव्यासारखा. नवी बाळंतीण घाबरून त्या हातांकडे बघायला लागली की म्हणायची, "भिव नको गो, माझा रंग लागत नाय कोनाला."

आमच्याकडे तसे सगळेच सावळे. पिढ्यान् पिढ्या भातखाचरात वाकलेली माणसं, दुसरी कशी असणार? पण मुलगी बघायला निघाले की काळ्या ठिक्कर पोरालाही गोरीच हवी. परके हसले असते तर समजण्यासारखं होतं. इथे आपलेच आपल्याला नाकं मुरडत. माझी धाकटी बहीण उजळ, म्हणून लावणीच्या दिवसांत तिला घरी ठेवत आणि मला चिखलात धाडत. मी काय, आधीच काळी. मावशीला मी एकदा विचारलं होतं, हे कुठून आलं म्हणून. ती म्हणाली, "उन्हात राबनारा काळा, सावलीत बसून राबवनारा गोरा. सगल्यांना राबवनाऱ्यासारखाच दिसायचा हाय." एवढं कळत असूनही तिचा हात काही थांबला नाही.

सुमी तिची एकुलती एक लेक. नवरा लवकर गेला, मागे ही एवढीच. गावातल्या मुलांना चाळीस दिवस चोळून मावशी सोडून द्यायची, सुमीला मात्र बारावी होईपर्यंत दर रविवारी न्हाणीत बसवायची. पुढे सुमी वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि स्थळं येऊ लागली. कुणी तोंडावर नाही म्हणत नसे. कळवतो म्हणत, पोहे संपवत आणि कळवत नसत. पाचव्या स्थळाची आई, जी मावशीपेक्षा गोरी होती असं कुणी म्हणणार नाही, उठता उठता म्हणाली, "आमच्या घरात आधीच अंधार हाय बाय."

त्याच वर्षी मी शहापूरहून बाळंतपणाला माहेरी आले. शाळेत शिकवणारी बाई मी, मुलांना समतेचे धडे देते. पण लेकीला मावशीच्या पायांवर ठेवताना म्हणाले, "जरा जोर लाव मावशी, माझ्यासारखी नको." सुमी कढत पाण्याची बादली घेऊन तिथेच उभी होती.

पुढे कुणीतरी सुमीला बिननावाची एक ट्यूब आणून दिली. ती तिने आईपासून लपवून लावली आणि दोन महिन्यांत उजळली. मावशीला वाटलं, इतक्या वर्षांच्या चोळण्याला फळ आलं. तिने गावभर सांगितलं. लग्नही ठरलं. मग ट्यूब संपली, दुसरी मिळेना, आणि लग्नाच्या आठवड्यात सुमीचा चेहरा लालबुंद होऊन सुजला. तिने तेव्हाही तोंड उघडलं नाही. मावशीला वाटलं, उष्णता असेल. तिने तिला येत होतं ते केलं: सकाळ-संध्याकाळ पीठ लावून आणखी जोरात चोळलं. हळदीच्या मांडवात बायकांनी गालाला हळद लावली तेव्हा सुमी अशी किंचाळली की ढोलवाले थांबले. दुसऱ्या दिवशी मुलाकडून नकार आला. डॉक्टरांनी ट्यूबचं विचारून घेतलं आणि सांगितलं की औषध जहाल होतं, ते एकदम थांबल्याने चेहरा सुजला, पण चोळण्याने कातडीच सोलली गेली. डाग राहतील.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा सुमीने नोकरी सोडली होती. त्यांच्या घरी मागच्या खोलीला आतून कडी, आणि दाराबाहेर भाताची ताटली घेऊन मावशी बसलेली. तिने माझा हात धरला. मी शिकलेली, माझं ऐकेल, असं तिला वाटत होतं. मी दाराला तोंड लावून सांगायला लागले की रंगात काही नसतं, माझ्याकडे बघ, मी नोकरी करते, संसार करते.

"ताई," आतून आवाज आला, "तुझ्या पोरीला जोरात चोळायला तूच सांगितलंस ना?"

मी दारापासून तोंड मागे घेतलं. मग सुमी आईशी बोलली, अगदी हळू.

"आये, मी काय मळ व्हते का गो?"

मावशीने ताटली खाली ठेवली. आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"माज्या आयनंबी मला असाच चोळला व्हता," ती दाराला म्हणाली. "मला वाटला, यालाच माया म्हंतात."

दार उघडलं नाही. त्यानंतर मावशी कुणाच्याही बाळाला न्हाऊ घालायला गेली नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वारली. तिला नेताना सगळा गाव अंगणात उभा होता. सुमी तेव्हाही बाहेर आली नाही. मी दाराशी गेले, तर तिने आतून एवढंच विचारलं, "माणसं गेली का?"