खुलासाकाका

खुलासाकाकांचा पहिला लेख मी उघडला तेव्हा पडद्यावर नुसते चौकोन होते. चौकोनांच्या ओळी, चौकोनांचे परिच्छेद, वर शीर्षकाच्या जागी पाच जाड चौकोन. आमच्या कचेरीतल्या संगणकाला मराठी अक्षरं येत नाहीत, हे कळायची अक्कल मला नव्हती. मला वाटलं, ही काहीतरी नक्षी असेल. पण काका आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे, त्यात शिक्षक, आणि त्यांनी जिन्यात अडवून बजावलं होतं, "विजय, मी ब्लॉग सुरू केलाय. वाच आणि प्रतिक्रिया दे." मी इंग्रजी लिपीत लिहून टाकलं, "फारच सुंदर, मनाला भिडलं!" त्याखाली काकांचं उत्तर आलं. तेही चौकोनांतच. मी त्यालाही "अगदी खरं आहे" म्हणून मोकळा झालो.

संध्याकाळी काका स्वतः खाली आले. लेख होता शाळेतल्या गळक्या नळावर. उत्तरात त्यांनी विचारलं होतं, "नेमका कोणता भाग भिडला?"

न वाचल्याचं मी कबूल केलं. काका रागावले नाहीत, पण चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "न वाचता वाहवा करणं हा या इंटरनेटचा पहिला रोग होणार आहे, लिहून ठेव. आणि सुरतेतला पहिला रोगी आमच्याच जिन्यात राहतो."

काका मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत नवागामच्या एका मराठी शाळेत शिकवायचे. वर्गातली निम्मी मुलं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची. खुलासाकाका हे नाव त्यांना वाचकांनी दिलं. लेखात एखादी चूक निघाली की काका ती पुसत नसत. चुकलेल्या शब्दांवर आडवी रेघ मारायचे आणि शेवटी लिहायचे, "खुलासा: वर मी अमुक म्हटलं आहे ते चूक. अमुक वाचकाने दाखवून दिलं. लाज वाटते." काही लेखांत मूळ मजकुरापेक्षा खुलासे मोठे झाले. ज्याला लिहिलेलं पुसावंसं वाटतं त्याने फळ्यावर लिहावं, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं हे मत असल्यामुळे त्याला वजन होतं.

घरी संगणक यायच्या आधी ते पर्वत पाटिया भागातल्या एका सायबर कॅफेत जाऊन लिहीत. साड्यांच्या दुकानांच्या वर एक खोली, तिच्यात संगणकांची सहा खोकी, आणि शेजारच्या खोक्यावर कुणीतरी अमेरिकेतल्या भावाशी ओरडून बोलतंय. काका घरून वहीत लेख लिहून न्यायचे आणि एका बोटाने टंकायचे. मालक सारखा हाक मारायचा, "काका, टाइम पूरो थयो!" काका मान न वळवता म्हणायचे, "वाक्य पूरुं थवा दे, भाई." त्यांच्या गुजरातीचा एवढाच नमुना मला पाठ आहे.

ब्लॉगवर कसं वागावं याचे त्यांचे कायदे होते. प्रतिक्रिया म्हणजे घरी आलेला माणूस. त्याला उत्तर न देता परत पाठवायचं नाही. ज्यांचं लिखाण आवडतं त्यांच्या ब्लॉगांची यादी कडेला लावायची, आणि तिला त्यांनी नाव दिलं होतं "शेजार". निनावी माणसाशी जास्त नम्रपणे बोलायचं, कारण तो घाबरलेला असतो. हा शेवटचा कायदा मला कधीच पटला नाही. वांग्याच्या भरतात हिरवी मिरची की लाल, यावरून त्यांच्या ब्लॉगवर पंधरा दिवस जी मारामारी झाली, तिच्यातला सगळ्यात घाणेरडं बोलणारा निनावीच होता, आणि तो घाबरलेला वगैरे मुळीच वाटत नव्हता. काकांनी त्याला सहा उत्तरं दिली. प्रत्येकाची सुरुवात "आपण म्हणता त्यात तथ्य असू शकेल" अशी. शेवटी तो माणूसच कंटाळून गेला.

आता त्या दिवसांना सोन्याचे म्हणायची टूम आहे, मी म्हणणार नाही. तेव्हाही लोक एकमेकांची कविता चोरत होते, आणि पानाच्या तळाशी पाहुण्यांचा जो आकडा दिसायचा तो वाढावा म्हणून माझ्यासारखे लोक स्वतःचंच पान वीसवीसदा उघडत होते. होय, मीही ब्लॉग काढला होता. तीन लेख लिहिले. तिसरा "बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, क्षमस्व" हा. पण एक गोष्ट खरी, की तेव्हा कुणी काही लिहिलं तर आठ दिवस त्यावर बोलणं चालायचं. आता सकाळी डोळे उघडायच्या आत चाळीस सुप्रभात येतात, आणि अंगठा दाखवला की संबंध संपला. काकांना कुणीतरी चोवीस तासांत नाहीसं होणारं स्टेटस दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग हे लिहितात कशाला? खाजवून गप्प बसावं."

त्यांच्या ब्लॉगवर सगळ्यात लोकप्रिय होती मुख्याध्यापिका. म्हणजे काकू. काकूंचे डबे हा लेख तर लोकांनी एकमेकांना पाठवला: चहा लिहिलेल्या डब्यात मेथ्या, मेथ्या लिहिलेल्या डब्यात सुया, आणि बदलूया म्हटलं की काकू म्हणणार, "माझं मला माहीत आहे, तुम्हाला काय करायचंय?" गच्चीत पापड राखायला छत्री घेऊन बसलेल्या काकू. मालिका लागली की पाचव्या मिनिटाला घोरणाऱ्या आणि टीव्ही बंद केला की "मी बघतेय ना!" म्हणून दचकून उठणाऱ्या काकू. कचेरीतल्या संगणकावर एव्हाना मराठी दिसू लागलं होतं; मी तिथे वाचून हसायचो आणि संध्याकाळी जिन्यात काकू दिसल्या की मान खाली घालायचो. कारण काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. काका घरात मुळातच अबोल; जेवताना "मीठ" एवढा एक शब्द. संगणक ही त्यांची स्वतंत्र खोली होती.

काकू मागच्या वर्षी गेल्या. काकांनी ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही. मग मुलाने त्यांना वडोदऱ्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं, आणि सामान बांधायला लागल्यावर एके दिवशी काका खाली आले. दार लावून घेतलं.

"तिच्यावरचे लेख काढून टाकायचे आहेत. सतरा आहेत. मला ती नवी बटणं सापडत नाहीत, तू काढ."

मी थट्टाच समजलो. "काका, खुद्द तुम्ही? रेघ मारा, खुलासा लिहा!"

"तो नियम चुकलेल्या मजकुरासाठी. यात काही चुकलेलं नाही रे. सगळं बरोबर लिहिलंय, म्हणून तर लाज वाटते. जग हसलं आणि तिला पत्ता नाही. पाठीमागे केलेली टवाळी ती. आणि हे बघ, सूनबाईला यातलं सांगायचं नाही. ती तिची मैत्रीण होती, तिच्या नजरेतून मी उतरेन."

सूनबाई म्हणजे आमची ही. मी हिच्यापासून आजवर काही लपवलेलं नाही, कारण लपत नाही. पण शब्द दिला.

मग तीन आठवडे मी टोलवाटोलवी केली. नेट बंद आहे. पासवर्ड चालत नाही. साहेबांनी थांबवून घेतलं. खरं म्हणजे मला ते लेख घालवायचे नव्हते. माझ्या तरुणपणातलं जे काही चांगलं मी वाचलं होतं त्यातलं बरंचसं तिथे होतं. जेवताना चित्त नाही, ऑफिसात तीच फाइल दोनदा सही करून पाठवली. रोज संध्याकाळी जिन्यात काकांच्या चपला वाजल्या की मी न्हाणीघरात शिरायचो. ही विचारायची, "तुम्हाला झालंय काय?" मी म्हणायचो, "ऍसिडिटी." ती बिचारी रोज जिऱ्याचं पाणी द्यायची आणि मी ते निमूट प्यायचो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काकांनी मला वर बोलावलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. घर रिकामं झालेलं, बोललं की घुमायचं. वहीत सतरा शीर्षकं लिहून आणली होती. एकेक वाचायचे, मी शोधायचो, यंत्र विचारायचं, खरंच काढायचं? काका म्हणायचे, "हो." मी विचारलं, "निदान एक प्रत ठेवू?" ते म्हणाले, "नको." मी ठेवली नाही. प्रामाणिकपणाचा झटका मला आयुष्यात दोनतीनदाच आला आहे, आणि दर वेळी चुकीच्या दिवशी.

काढता काढता एक गोष्ट दिसली. प्रत्येक प्रतिक्रियेखाली काकांचं उत्तर होतं, भरताच्या निनावीलासुद्धा. फक्त डब्यांच्या लेखाखाली कुणीतरी विचारलं होतं, "काकू हे वाचतात का हो?" आणि त्याखाली जागा कोरी.

काकांनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं असावं. "पुढचा," ते म्हणाले.

सतरावा गेला तेव्हा त्यांनी वही मिटली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि "सकाळची गाडी आहे" म्हणून उठले. त्यांचा चेहरा हलका झाला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही.

खाली आलो. ही ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिने नुसतं वळून पाहिलं आणि मी शब्द मोडला. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिने तव्यावरची भाकरी काढली, गॅस बंद केला.

"काढले? सगळे?"

"सतराही."

"अहो, काकूंनी एकूण एक लेख ऐकला होता! दुपारी तुम्ही कचेरीत असताना वालपापडी सोलायला खाली यायच्या. आल्या आल्या विचारायच्या, 'आज काय लिखं व माय?' मी आपल्या घरच्या संगणकावर वाचून दाखवायचे. डब्यांचा तर चारदा वाचायला लावला. हसून हसून पदर तोंडात धरायच्या. मला म्हणाल्या होत्या, आमच्या यांना सांगू नको, कळलं तर लिहायचे बंद होतील. म्हणायच्या, घरात माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत असं इतकी वर्षं वाटायचं. हा माणूस तर माझ्यावरून नजर काढत नाही, हे मला तुझ्याकडे येऊन कळलं." तिने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले. "त्या गेल्यावर मला वाटलं, आता कशाला सांगायचं. तुम्ही मला विचारलं असतंत तर... जाऊ दे. चला, चपला घाला. जिना चढेपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवते."