नमुना क्रमांक सात

"मावशी, तोंड उघडा. अजून मोठं."

माझे सर माझ्या आईला सांगत होते. आमच्या गडमुडशिंगीच्या घरात, चपलांच्या तळव्यांची चळत बाजूला सरकवून तिला स्टुलावर बसवलं होतं. भोवती माझ्याच वर्गातली सहा पोरंपोरी. सरांच्या हातात रबरी मोजे. त्यांनी लाकडी पट्टीनं आईचा वरचा ओठ उचलला आणि एकीला म्हणाले, "टॉर्च इकडे मार." बाजारात बैलाचे दात बघतात तसं. बैल निदान मान तरी झटकतो. आई बसून राहिली, कारण ते तिच्या लेकीचे सर होते.

आणि मी? मी शेजारी ट्रे धरून उभी होते.

हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणाला वाटू नये की मी पहिल्यापासून शूर होते. सरांना घरी मीच आणलं होतं.

मी कोल्हापुरात मानवशास्त्र शिकते. एम.ए.चं शेवटचं वर्ष. पुढं पीएच.डी. करायची, त्यासाठी सरांची सही लागणार. चांभाराची पोरगी डॉक्टर होणार, असं आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती. आमच्या विभागात खोक्यात एक जबडा ठेवलाय, कुठल्याशा उत्खननातला, हजारो वर्षांपूर्वीचा. त्याच्या समोरच्या दाताला एक खाच आहे. सर दरवर्षी तो दाखवायचे आणि सांगायचे, दाताचा रोग. यंदा सर तसं म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, रोग नाही हा. माझ्या आईच्या दाताला अशीच खाच आहे."

आई कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालते. चामड्याची बारीक वादी दातात धरायची, ताण द्यायचा आणि दोन्ही हातांनी विणत जायचं. चौदाव्या वर्षापासून ती हेच करते. वादीनं दात कापत गेला. तिला त्या खाचेची इतकी लाज, की हसायचं झालं तर आधी पदर तोंडावर. तिचा हसतानाचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

हे सगळं मी वर्गात सांगून बसले. सर माझ्याकडे बघत राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला नीट बघितलं असेल. "बेटा, तुझ्या घरी कधी येऊ?" मी हुरळून गेले. तेव्हा मला संशय घेता येत नव्हता.

आता येतो. आता मागचं एकेक आठवतं आणि टोचतं. आईनं कपबशी पुढं केली होती. "सर, च्या घ्या की. गार व्हाया लागलाय." सर म्हणाले, "ॲसिडिटी आहे हो, मावशी." असेलही. पण त्याच्या आदल्याच महिन्यात आम्ही पन्हाळ्याला एका जुन्या घराण्याच्या बंगल्यावर गेलो होतो. तिथं सरांनी तीन कप चहा घेतला, वर चकल्या. तिथल्या आजोबांना खुर्ची दिली, समोर रेकॉर्डर ठेवला. "आपलं घराणं मूळचं कुठलं?" सरांनी अदबीनं विचारलं. आजोबा दोन तास बोलले. त्यांच्या दाढा कुणी मोजल्या नाहीत. मग आमच्या घरी येताना रेकॉर्डर का आणला नाही? मोजपट्टीच का आणली?

संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता. "सही कर गं आई, सरांचं काम हाय," असं मीच म्हणाले. वाचूनही दाखवला नाही. जातीचा रकाना सर आधीच भरून घेऊन आले होते.

मग त्यांनी गुलाबी लगदा कालवला. दातांचा साचा घ्यायचा होता. लगदा आईच्या तोंडात दाबला आणि तीन मिनिटं हलायचं नाही म्हणाले. तिला उमासे यायला लागले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तिचं तोंड असं बंद असताना सर तिच्याबद्दल बोलत होते. "या वर्गात ही झीज सर्रास आढळते. दातांनी ओढायची, कुरतडायची सवय असते."

एका मुलीनं विचारलं, "सर, त्यांना त्रास होतोय का?"

"नाही गं. यांना सवय असते."

यांना. मी ऐकलं आणि ट्रे घट्ट धरला. एवढंच केलं.

दोन महिन्यांनी विभागाच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान झालं. पडद्यावर तो खोक्यातला जबडा आला. खालची ओळ बदलली होती. 'कुशल कारागीर. चामडे किंवा धागा दातांत धरून विणकाम.' रोग कुठल्या कुठं गेला होता. आईच्या खाचेनं एका मेलेल्या माणसाला कारागीर केलं होतं. खोटं कशाला बोलू, मला आधी अभिमानच वाटला.

पुढचा फोटो आईचा. तिचं उघडं तोंड, भिंतीएवढं. खाली लिहिलं होतं, 'नमुना क्रमांक सात. स्त्री. वय अंदाजे साठ. दातांनी कुरतडण्याची सवय.'

माझी आई एकावन्न वर्षांची आहे. त्या दिवशी घरी सरांसमोरच बसली होती, बोलू शकत होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मी उभी राहिले. "सर, खाच सारखीच आहे. मेलेला माणूस कारागीर आणि माझ्या आईला नुसती सवय, असं कसं?"

सर हसले, तेच गोड हसू. "बेटा, भावनिक होऊ नकोस. शास्त्रात कुणाची आई नसते."

संशय घ्या, पुराव्याशिवाय काही मानू नका, हे पहिल्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं. पुरावा समोरच्या टेबलावर मांडलेला होता. त्या लगद्यावरून ओतलेला, आईच्या दातांचा पांढरा प्लास्टरचा साचा. मी जाऊन तो उचलला, ओढणीत गुंडाळला आणि बाहेर पडले. कुणी अडवलं नाही.

घरी आईनं साचा हातात घेतला. खाचेवरून बोट फिरवलं. "एवढी खोल हाय व्हय?" मी हॉलमधलं सगळं तिला सांगितलं. वाटलं, आता पाठ थोपटेल.

ती म्हणाली, "तिथं बोललीस, ब्येस केलंस. पर हितं का गप ऱ्हायलीस? लगदा माझ्या तोंडात हुता. तुझं तोंड मोकळं हुतं न्हवं?"

हा प्रश्न मला जन्मभर टोचणार आहे आणि टोचायलाच पाहिजे.

काल सरांचा मेसेज आला. साचा परत कर, माफीचं पत्र दे, मग सहीचं बघू. शेवटी लिहिलंय, 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.' हे भलं मी आता चांगलं ओळखते.

आज सकाळी मी विभागाला द्यायचा अर्ज लिहिला. आईची संमती मागे घेत आहोत, फोटो काढून टाकावा. या वेळी तिला शब्द न् शब्द वाचून दाखवला. तिनं हातातली वेणी खाली ठेवली. "फोटू काढा म्हणू नगंस. माझं नाव घाला म्हणावं. वय एकावन्न लिव्हा म्हणावं. आन् कारागीर लिव्हा."

अर्ज तसा बदललाय. खाली तिची सही आहे. तो उद्या मी स्वतः नेऊन देणार, आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

माफी मागणार नाही. साचा आमच्याच घरात राहील. सरांची सही मिळाली नाही तर दुसऱ्या सहीसाठी दारोदार फिरेन, पण विषय सोडणार नाही. आई जर सातवी, तर आधीचे सहा कुणीतरी आहेत. त्यांना मी शोधून काढणार. मोजपट्टी न नेता जाणार. नाव विचारणार, वय विचारणार, घराणं मूळचं कुठलं तेही विचारणार. आणि निघताना प्रत्येकाला एक गोष्ट विचारून वहीत लिहून घेणार: सरांनी तुमच्या घरी चहा घेतला होता का?