बाळंतिणीच्या खोलीतली कालवड

अल्लीपूरच्या आमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत कोणी शिरायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. विटाळ! नवरा सुटीच्या दिवशी वर्ध्याहून यायचा, तोही उंबऱ्याबाहेरूनच मुलीचं तोंड बघून परत जायचा. मी बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. पण बाळंतपण सासरी म्हटल्यावर ती पदवी काय चाटायची? खोलीत मुक्त वावर दोघींचाच, सासूबाईंचा आणि कालवडीचा.

हो, कालवडीचा. पौषातली थंडी, गाय नुकतीच व्यालेली, आणि घरात सतत पेटती शेगडी फक्त माझ्या बाजेखाली. तेव्हा नवं वासरू बाळंतिणीच्या उबेला आणून ठेवायचं, ही त्या घरची रीतच होती. गाईला विटाळ नसतो म्हणे. सासूबाई कालवडीची घाण काढायच्या आणि पदराला हात पुसून माझी मुलगी उचलायच्या. हात धुवा म्हटलं की फणकारायच्या, "गाईच्या शेणानं घर सारवतो आपन. अन् तुले घाण वाटून राह्यली?"

कालवडीला पांढरी हगवण लागली. मागोमाग मुलीलाही पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. एवढं ढळढळीत दिसत असताना दोष कोणाला? माझ्या दुधाला!

"तुह्यं दूधच नासलं वं. पाजू नको तिले. पानीबी देऊ नको, अजून हागन."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मुलीचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडणंसुद्धा थांबलं. तिच्यासाठी आलं काय, तर अंगारा. कालवडीसाठी मात्र वडनेरहून ढोरांचे डॉक्टर आले. अंगणात तिला तपासताना ते बोलले, ते मला आत स्पष्ट ऐकू आलं. "पाणी तोडू नका. उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर टाकून पाजत राहा. नाई तं सुकून मरन थे."

त्या मीठ-साखरेच्या पाण्याचा गंज भरून कालवडीसाठी माझ्याच बाजेजवळ ठेवला गेला. सासूबाई वावरात गेल्या की मी त्यातलं पाणी आधी वाटीत काढून घ्यायची आणि चमच्या-चमच्यानं मुलीला पाजायची. मग पदराआड अंगावरही पाजायची. आपल्याच लेकराला चोरून! आजही आठवलं की माझी कानशिलं तापतात.

कालवड मेली, मुलगी वाचली. सासूबाई गाईच्या गळ्यात पडून रडल्या. मुलगी अंगाऱ्यानं वाचली, असं गावभर सांगितलं ते वेगळंच.

मुलगी चौथीत असताना वर्ध्यात आम्हा शिक्षकांसाठी एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. तान्ह्या बाळांना आणि वासरांना हगवण लावणारे विषाणू एकाच कुळातले, असं ते म्हणाले. त्यांची जनुकं सुट्या तुकड्यांत असतात. गाईचा आणि माणसाचा विषाणू एकाच आतड्यात गाठ पडले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे ते तुकडे मिसळतात आणि तिसराच विषाणू तयार होतो. तो पुढं कोणालाही धरू शकतो. मी उठून माझी हकीकत सांगितली. कोणाचं कोणाला लागलं, हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही, वाट दोन्हीकडून असते, असं ते म्हणाले. पण दूध नासतं का? ते ठामपणे नाही म्हणाले. दहा वर्षं मनात बसलेली ठणक त्या एका शब्दानं थोडी कमी झाली.

त्या दिवाळीत अल्लीपूरला जेवायला बसलो होतो. मी सगळ्यांदेखत हे सांगितलं, मुद्दाम, एकेक गोष्ट फोडून. दूध चांगलं होतं आणि कालवडीच्या गंजातलं पाणी मी मुलीला चोरून पाजलं होतं, हेही सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. वाढता हात थांबवून त्यांनी विचारलं, "म्हंजे लेकराचं ढोराले लागू शकते?"

"लागू शकतं," मी म्हणाले.

"मंग तुह्या पोरीनंच माही कालवड खाल्ली म्हन ना."

नवऱ्यानं मान खाली घालून भाकरी मोडली. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की ताटावरून उठले, मुलीचा हात धरला आणि मिळाली ती बस पकडली.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्याचं आमचं घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. उतरताना हळूच म्हणाली, "आई, ते पानी मी पेली म्हनून मेली का वं कालवड?"