एनॉक कोलिंगच्या नावावर

बेरिल ऑक्स्टबी जाऊन आता नऊ वर्षं झाली, आणि मागच्या हिवाळ्यात अ‍ॅग्नेसही गेली. आता दुखावण्यासारखं कोणी उरलं नाही, म्हणून बोलतो. अकरा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. माझ्यासारख्या बडबड्याला ते किती जड गेलं, ते माझ्या बायकोला विचारा.

मी वॉल्टर. ब्रिडलिंग्टन बंदरातल्या एका पबच्या माडीवर दर शुक्रवारी आमचा लोकगीतांचा क्लब भरायचा आणि चौसष्ट सालापासून तो मी चालवला. आमचं सोवळं कडक होतं. गाणं परंपरेतलं हवं, आपल्या मुलखातलं हवं, आणि तोंड उघडण्याआधी ते कोणाकडून शिकलात हे उभं राहून सांगायचं. स्वतः रचलेलं गाणं चालणार नाही. हा नियम मीच केला होता. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं.

सहासष्टच्या मार्चमध्ये बेरिल पहिल्यांदा आली. बावीस वर्षांची, काडीसारखी पोरगी. बंदरावरच्या शेडमध्ये खेकडे फोडायची. त्या शेडमधल्या बायकांवरच तिनं गाणं म्हटलं. गाणं चांगलं होतं. ते मला तेव्हाही कळलं, आणि बहुधा त्यामुळेच मी जास्त जोरात ओरडलो.

"थांब, थांब. कोणाकडून शिकलीस हे?"

"कोणाकडून नाही. माझंच आहे."

"मग घरी जा आणि आंघोळ करताना म्हण. इथं खरी गाणी म्हणतात."

अख्खी माडी हसली. "आणि साबण जरा जास्त लाव गं," असं मागून कोणीतरी म्हणालं. बेरिल लाल झाली आणि जिना उतरून गेली. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

तीन आठवड्यांनी ती परत आली. या वेळी तयारीनं आली होती. "फ्लॅम्बरोचा एनॉक कोलिंग, मच्छीमार," तिनं सांगितलं. "या हिवाळ्यात वारला. मागच्या उन्हाळ्यात नॉर्थ लँडिंगवर जाळं दुरुस्त करत बसला होता, तेव्हा त्यानं मला हे शिकवलं." आणि ती गायली.

एक म्हातारा जाळं विणतोय, त्याचे दोन मुलगे समुद्रानं नेलेत, आणि तरी तो जाळं दोघांच्या मापाचंच विणतोय. 'जाळं माझं दोघांपुरतं, दोघे माझे तळाशी' असं पालुपद होतं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा माडी आपोआप गायला लागली. ज्यानं साबणाचा विनोद केला होता तो नाक शिंकरत होता. मी स्वतः खाली जाऊन बेरिलसाठी बिअर आणली आणि म्हणालो, "बघ, याला म्हणतात गाणं!"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. बिअर मात्र प्यायली.

पुढची वीस-बावीस वर्षं बेरिल गात राहिली. दिवसा शेड, नंतर शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम, आणि शनिवार-रविवारी बसनं कधी व्हिटबी, कधी ग्रिम्सबी, कधी हल. नाव मोठं कधी झालंच नाही. तिच्याजवळ एकूण सतरा गाणी होती. एक हॉर्नसीच्या धोबिणीकडून, एक ड्रिफील्डच्या गाडीवानाकडून, असं प्रत्येकाचं गोत्र ती नीट सांगायची. चौऱ्याहत्तर साली तिची एकुलती एक रेकॉर्ड निघाली, तीनशे प्रतींची. पाकिटावरचा मजकूर मी लिहिला. 'बेरिलने ही रत्ने विस्मृतीतून वाचवली' वगैरे. एकदा विद्यापीठातला एक पोरगेला संशोधक तिच्या त्या म्हाताऱ्यांना भेटायला आला. सगळे मेलेले निघाले. मी त्यालाच झापलं, "उशीर तू केलास, त्याला ती काय करणार?"

उंटावरचा शहाणा माझ्याशिवाय दुसरा कोण असणार?

दोन हजार चौदा साली फ्लॅम्बरोच्या लोकांनी ठरवलं, की बुडालेल्या मच्छीमारांच्या आठवणीसाठी गावाच्या किनाऱ्यावर, नॉर्थ लँडिंगला, एक बाक बसवायचा. बाकावर पितळी पट्टी, पट्टीवर एनॉकच्या गाण्याच्या दोन ओळी. बेरिलनं येऊन गावं असं आमंत्रण आलं. ती सत्तर वर्षांची झाली होती, आवाज चिरकायला लागला होता, पण हो म्हणाली. सकाळी मी तिला गाडीतून घेऊन निघालो. सेवर्बी गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "वॉल्टर, गाडी बाजूला घे."

"मळमळतंय का?"

"घे तर."

मी घेतली. समोर बघतच ती म्हणाली, "एनॉक कोलिंगला मी कधी पाहिलेलं नाही."

मला आधी समजेचना. मग तिनं सगळं सांगितलं. मी हाकलल्यावर त्या रविवारी ती फ्लॅम्बरोच्या चर्चच्या आवारात रडत बसली होती. समोर कबरीचा नवा दगड होता. त्यावर तीन नावं होती. जाबेझ आणि ल्यूक कोलिंग, अडतीस साली समुद्रात बुडाले. खाली त्यांचा बाप एनॉक, नुकताच गेलेला. तिथंच बसून तिनं गाणं रचलं, आणि गाण्याला बाप हवा होता म्हणून दगडावरचाच दिला.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"सगळी माझी."

"सतराच्या सतरा? ती धोबीण?"

"नव्हती कोणी धोबीण."

मी त्या धोबिणीवर भाषण दिलं होतं! लीड्सला, दोनशे माणसांसमोर! मी तिला नाही नाही ते बोललो. खोटारडी म्हणालो, आमच्या तोंडाला काळं फासलंस म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"खरं सांगितलं होतं की मी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी. तू मला आंघोळ करायला पाठवलंस."

गाडीच्या काचेवर भुरभुर पाऊस पडत होता, तो बघत बसलो. सतरा गाणी या बाईनं एकटीनं रचली होती आणि पन्नास वर्षं आम्ही मेलेल्या माणसांसाठी टाळ्या वाजवत होतो. लाज वाटली, हे उघड सांगतो. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

"आज सांगणार आहे मी," बेरिल म्हणाली. "गाण्याआधी. त्यांनी पट्टी बदलावी. बाकीची सोळा जाऊ देत खड्ड्यात, या एका गाण्याखाली माझं नाव हवंय मला. एकदा तरी."

"सांग," मी म्हणालो. "मी शेजारी उभा राहीन. नियम माझा होता हेही सांगीन."

लँडिंगवर तीस-चाळीस माणसं जमली होती. लाइफबोटीवरचे लोक, पाद्री, थर्मासमधला चहा. बाकावर कापड टाकलेलं होतं. आम्ही पोचतो तोच काठी टेकत एक म्हातारी आमच्याकडे आली. चौऱ्याऐंशीची, पण नजर सुईसारखी.

"तूच ना ती गाणारी?"

"हो. मी बेरिल."

"रेकॉर्डवर जाडी वाटली होतीस. मी अ‍ॅग्नेस. एनॉकची मुलगी."

मी बेरिलकडे बघितलं. एनॉकला मुलगी होती! दगडावर जिवंत मुलीचं नाव कुठे असतं? आणि ही तर लग्न करून पार पलीकडच्या किनाऱ्यावर, फ्लीटवुडला जाऊन राहिली होती.

"तुझी रेकॉर्ड निघाली तेव्हा आईला ऐकवलं होतं मी ते गाणं," अ‍ॅग्नेस म्हणाली. "भाऊ गेल्यावर बाबांनी घरात त्यांचं नाव काढू दिलं नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. आईला वाटायचं, दगडाशी लग्न केलंय आपण. गाणं ऐकलं आणि म्हणाली, 'म्हणजे वाटत होतं गं त्याला.' आठवड्यात गेली ती. शांत गेली."

बेरिलनं माझी बाही धरली. मी समुद्राकडे बघितलं. त्या क्षणी मला तेवढंच सुचलं.

"एक विचारायचंय पोरी तुला. चाळीस वर्षं विचारायचंय." म्हातारीचा आवाज खाली आला. "बाबा माझ्याशी वारा आणि भरती-ओहोटी सोडून कशावर बोलले नाहीत. मी पोटची मुलगी. आणि तुला, खेकडे फोडणाऱ्या परक्या पोरीला, एका उन्हाळ्यात अख्खं गाणं शिकवलं? का? माझ्याबद्दल काही म्हणाले का कधी?"

आता सांग, मी मनात म्हणालो. तो तुझ्याशीही बोलला नव्हता, हे सांग. तेवढं ऐकून तरी हिची चाळीस वर्षांची जळजळ थांबेल. पण मग गाणं जाणार. दगडच होता तो, असं ठरणार. आईही फसून मेली, असं ठरणार. बेरिलनं बाकावरच्या कापडाकडे एकदा बघितलं.

"म्हणाले होते," ती म्हणाली.

मी दचकून तिच्याकडे वळलो.

"म्हणाले, मला एक मुलगी आहे. तिच्यासमोर माझ्यानं हे म्हणवणार नाही. तू शीक आणि तिला म्हणून दाखव."

एका दमात तिनं स्वतःचं गाणं देऊन टाकलं. आता ते परत मागायची सोय उरली नव्हती, हे तिला आणि मला दोघांनाही कळलं. अ‍ॅग्नेसचे डोळे भरून आले. क्षणभर मला वाटलं, ती बेरिलला मिठी मारणार.

मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"मला म्हणून दाखव, असं म्हणाले?"

"हो."

"मग आली का नाहीस?"

बेरिल एक पाऊल मागे सरकली.

"अठ्ठेचाळीस वर्षं!" म्हातारीनं काठी दगडावर आपटली. सगळे वळून बघायला लागले. "फ्लीटवुडला होते मी, चंद्रावर नव्हते! पोस्टमनला सापडायचं माझं घर, तुला सापडलं नाही? माझ्यासाठीचा निरोप पोटात ठेवून गावोगाव टाळ्या घेत हिंडलीस? माझ्या बापाच्या गाण्यावर? आई आठ वर्षं आधीच शांत झाली असती, कळतंय का तुला?"

एक वाक्य बोललो असतो तर बेरिल सुटली असती. तिनं माझी बाही आणखी घट्ट आवळली, म्हणून गप्प राहिलो. की मी मुळात भित्रा, म्हणून? अजून ठरवता येत नाही.

"चुकलं माझं," बेरिल म्हणाली. "यायला हवं होतं मी. माफ करा मला."

अ‍ॅग्नेसनं माफ केलं नाही. पाद्र्यांनी कापड काढलं, पितळेची पट्टी चमकली, आणि बेरिलला हाक आली. ती पुढे गेली, "हे गाणं एनॉक कोलिंगचं," म्हणाली, आणि गायली. गाणं संपेपर्यंत अ‍ॅग्नेस तिच्याकडे पाठ करून उभी होती.