कपाट कोण धरतंय?

खेळण्यांच्या कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात जा आणि मागच्या बाजूला, जिथे पटावरचे खेळ एकावर एक रचलेले असतात, तिथे जरा उभे राहा. एक निळं खोकं दिसेल. त्याच्यावर जिन्यात अडकलेलं कपाट आणि त्याच्या वर-खाली उभी राहून तावातावाने भांडणारी माणसं. तो ‘कपाट’. त्याच्या शेजारी ‘पाहुणे आले!’. त्यात दारावरची बेल वाजायच्या आत घरभरचा पसारा लपवायचा असतो आणि मग पाहुणे नेमका तोच खण उघडतात. खाली ‘छत्री माझीच’. हा खेळ नव्याने लग्न झालेल्यांनी घरात न आणलेलाच बरा. हे सगळे खेळ एकाच बाईच्या डोक्यातून निघाले आणि त्या बाईला तिच्या गल्लीत लहानथोर सगळे ‘फासेवाली’ म्हणतात. गंमत म्हणजे तिच्या एकाही खेळात फासा नाही.

नाव पडलं ते लहानपणी. तिच्या दादाला फासे वश होते. हवं ते दान पडायचं त्याला, आणि पडलं की असा काही नाचायचा की समोरच्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. त्याला हरवायचा एकच उपाय हिला सुचला. घरातले फासे पळवायचे. मग शेजाऱ्यांच्या घरातले. आईने एकदा गादी उलटी केली तेव्हा अख्ख्या गल्लीचे फासे तिथे सापडले, आणि बाईंचं बारसं झालं. पण फासे पळवले तरी खेळायचं तर होतंच. मग सोंगटी पुढे सरकणार कशी? ही नवनवे नियम काढायची. ज्याने खरं गुपित सांगितलं त्याने सरकायचं, ज्याला हसू आलं त्याने मागे जायचं. दादा जिंकायला लागला की नियम बदलायचे. दादा पट उलथून टाकायचा आणि बाहेर निघून जायचा. मोठा झाल्यावर त्याने कानाला खडा लावला: हिच्याशी खेळ म्हणून खेळायचा नाही.

पुढे ती खोक्यांच्या कारखान्यात लागली. बुटांची, औषधांची, दिव्यांची खोकी. यंत्र पुठ्ठा कापायचं आणि कडेची कात्रणं खाली पडायची. बाकीच्यांना तो कचरा, हिला खजिना! जेवणाच्या सुट्टीत ती कात्रणांचे पट करायची, सोंगट्या कापायची आणि जो समोर येईल त्याला धरून खेळायला बसवायची. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते तिचा पहिला खेळ खेळले आणि म्हणाले, “छान आहे हो. फक्त संपत नाही.” ते खरं होतं. तो खेळ आजतागायत कोणाचा संपलेला नाही. दुसरा खेळ इतका लवकर संपायचा की चहा कपात ओतेपर्यंत निकाल लागलेला असायचा. दोन्ही खेळ तिने खेळ छापणाऱ्या कंपनीला दाखवले आणि दोन्ही परत आले.

घरी तिचा नवरा होता, तो शाळेच्या वाचनालयात काम करायचा. खेळात त्याच्याइतका ढ माणूस शोधून सापडला नसता, आणि म्हणून तो तिच्या फार उपयोगाचा. “यांना कळलं की जगाला कळलं,” असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तोही मान डोलवायचा.

‘कपाट’ सुचलं ते घर बदललं होतं त्या आठवणीतून. ती आणि दादा दोघंही तेव्हा बिनलग्नाची होती. आईचं लाकडी कपाट, आरशाचं, हत्तीएवढं, अरुंद जिन्यातून वर न्यायचं होतं. खालून दादा आणि शेजारी, वरून वडील आणि मामा, आणि सगळ्यांच्या वर ही, “उजवीकडे! अहो, उजवीकडे! तुमचं नाही, माझं उजवं!” असं ओरडणारी. वळणावर कपाट जे अडलं ते अडलंच. खालचे आजोबा घराबाहेर पडू शकेनात आणि वरच्या काकूंना घरात जाता येईना. त्या दिवसाची आठवण निघाली की घरात अजून हसून हसून पुरेवाट होते.

तेच तिने पटावर आणलं. पट म्हणजे जिना, त्याच्या मधोमध पुठ्ठ्याचं उभं कपाट. चार खेळाडू. एकमेकांशी नाही, सगळ्यांनी मिळून जिन्याशी झुंजायचं. प्रत्येकाकडे ‘दम’ नावाच्या लाल चकत्या. कपाट एक पायरी वर गेलं की प्रत्येकाची एक चकती गेली. दम संपला की कपाट घसरून थेट खाली! मध्येच पत्ते निघतात: ‘आजोबा उतरतायत, वाट द्या’, ‘आरसा सांभाळा’. आणि दम परत मिळवायचा तर कपाट टेकवून सगळ्यांनी एक फेरी बसायचं. घरी खेळताना नवरा एकदा इतका रंगात आला की खरोखरचा घाम पुसायला लागला. फासेवालीचे डोळे चमकले. हाच तो खेळ!

नेमकं त्याच आठवड्यात काकांनी तिला बोलावलं. “मुकादम निवृत्त होतोय. त्याची जागा तू घे. पण मग दुपारी सुट्टी नाही आणि डोक्यात दुसरं काही नाही. सोमवारी सांग.” नोकरी मानाची होती, नाही म्हणायला कारण नव्हतं. तिने घरी येऊन नवऱ्याला सांगून टाकलं, “कंपनीने याही खेळाला नाही म्हटलं तर मी मुकादम होणार. आणि ही कात्रणं सगळी भंगारात. एकदाचं संपवून टाकू.” असं बोलली खरी, पण रात्री जेवताना घास तोंडात फिरत होता.

कंपनीत एक रीत होती. तिला तिथे ‘मुकी चाचणी’ म्हणत. चार अनोळखी माणसं बोलवायची, त्यांच्यासमोर खोकं आणि नियमांचं पत्रक ठेवायचं, बस. खेळ बनवणाऱ्याने कोपऱ्यात खुर्चीवर बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. भुवईसुद्धा उडवायची नाही. कारण खेळ विकत नेल्यावर बनवणारी काही प्रत्येकाच्या घरी समजवायला जात नाही. फासेवालीला मूग गिळून बसायला सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं होतं. तरी ती बसली. हात मांडीखाली दाबून.

टेबलाभोवती एक निवृत्त बसकंडक्टर, एक दातांचे डॉक्टर, आणि कॉलेजात जाणारी मुलगी व तिची आई. कंडक्टरांनी पत्रक खणखणीत आवाजात वाचलं. सुरुवात झकास झाली. “पुढे चला, पुढे चला!” कंडक्टर म्हणाले आणि सगळे हसले. कपाट हललं. पहिला मजला. आजोबांना वाट दिली. डॉक्टर बाह्या सरसावायला लागले. आणि वळण आलं.

दम संपत आला होता. आता हे टेकवतील, ती मनात म्हणाली. कोणी टेकवेना. “दम परत कसा घ्यायचा?” मुलीने विचारलं. कंडक्टरांनी पत्रक उलटून पाहिलं, पुन्हा सुलटून पाहिलं. “लिहिलेलं नाही.”

फासेवालीलाही तेव्हाच कळलं. लिहिलेलं नाही! कपाट टेकवायचं, हे घरात सगळ्यांना इतकं पाठ होतं, नवऱ्याच्यासुद्धा इतकं अंगवळणी पडलं होतं, की पत्रकात ते उतरवायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एक ओळ. ती उठून ओरडली असती तर एका क्षणात निस्तरलं असतं. पण तोंड उघडलं की चाचणी बाद. समोर कंपनीच्या बाई हाताची घडी घालून तिच्याकडेच बघत होत्या. फासेवालीने जीभ दाताखाली धरली. डोळ्यांसमोर मुकादमाची खुर्ची दिसायला लागली.

“म्हणजे हे पडणारच,” डॉक्टर हताश होऊन म्हणाले.

“पडणार कसं?” मुलीची आई एकदम म्हणाली. इतका वेळ ती गप्पच होती. तिने हात पुढे केला आणि पुठ्ठ्याच्या कपाटाखाली एक बोट लावलं. “मी धरते. माझी पाळी गेली तर गेली. तुम्ही तिघं दम घ्या.”

“आई, असं कुठे लिहिलंय?”

“असं करायचं नाही, हे तरी कुठे लिहिलंय?”

“अहो, पण मग तुम्हाला दम कोण देणार?” कंडक्टर म्हणाले.

“पुढच्या वळणावर तुम्ही धरा की!”

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. पुढच्या वळणावर डॉक्टर म्हणाले, मी धरतो. कंडक्टर म्हणाले, तुमच्या त्या नाजूक हातांनी? मुलगी म्हणाली, माझ्याकडे एकच दम आहे, पण मीच धरणार, आईने धरलं ना मघाशी! आईने तिच्याकडे असं पाहिलं की फासेवालीलाच गहिवरून आलं. सगळे उभे राहिले. खुर्च्या मागे गेल्या. शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. “उजवीकडे!” “आरसा! आरसा!” “बोट काढू नकोस!” शेवटच्या पायरीवर चौघांत मिळून एक चकती उरली होती, आणि कपाट वर पोचलं तेव्हा कंडक्टरांनी डॉक्टरांना मिठी मारली. दोघांनी एकमेकांचं नावसुद्धा अजून विचारलेलं नव्हतं.

“आता बोला,” कंपनीच्या बाई म्हणाल्या. “हा धरण्याचा नियम पत्रकात नाही.”

“माझाही नाही. माझा नियम लिहायचा राहिला,” फासेवाली म्हणाली. लपवण्यात अर्थ नव्हता. “माझा नियम, कपाट टेकवायचं.”

“जिन्याच्या वळणावर?” कंडक्टर हसले. “अहो ताई, टेकवणार कशावर? हत्तीएवढं कपाट तिरक्या पायऱ्यांवर राहतंय होय? कोणीतरी खाली लागतंच.”

“यांच्या नियमाने छापू या,” बाई म्हणाल्या. “चालेल?”

चालेल? ती धावत घरी निघाली! रस्त्यात तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, फळवाल्याला, रिक्षावाल्याला, समोर येईल त्याला. पण निम्म्या वाटेत कंडक्टरांचं ते ‘कोणीतरी खाली लागतंच’ डोक्यात टोचायला लागलं आणि पाय घराऐवजी दादाकडे वळले.

दादा चष्म्याच्या दुकानातून नुकताच आला होता आणि नेहमीसारखा उजवा खांदा चोळत बसला होता. तो खांदा घरात चेष्टेचा विषय होता. काही जड उचलायचं म्हटलं की दादाचा खांदा दुखायला लागतो, असं ही स्वतः चारचौघांत म्हणायची आणि हशा मिळवायची.

“दादा, आईचं कपाट वळणावर अडलं, तेव्हा आपण सगळे वर पाणी प्यायला आलो होतो ना?”

“तुम्ही आलात.”

“कपाट टेकवलं होतं ना पण?”

“टेकवतेस कुठे? जिना आहे का मैदान?” दादा म्हणाला. “मी होतो ना खाली.”

“एकटा? इतका वेळ?”

“आपला शेजारी बसला होता पायरीवर धापा टाकत. आणि तुझं वर चाललं होतं, अजून एक ग्लास, अजून एक ग्लास. मला ऐकू येत होतं सगळं.” तो हसला. “वरून तुला फक्त आरसा दिसत असणार.”

ती त्याच्या खांद्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. “बोलला नाहीस कधी.”

“त्यात काय बोलायचं? कपाट आलं ना वर.”

मग तिने पिशवीतून खोकं काढून जमिनीवर ठेवलं. “खेळ.”

“मुळीच नाही. मी जिंकायला लागलो की तू नियम बदलणार.”

“बदललाय आजच. तुझ्यासाठीच. छापूनसुद्धा येणार आहे.”

नवऱ्याला बोलावून घेतलं, वहिनी हात पुसत आली आणि चौघं पटाभोवती बसले. दादा आधी नाक मुरडत होता. पहिल्या मजल्यावर तो गुडघ्यांवर आला, दुसऱ्या मजल्यावर मेव्हण्यावर ओरडायला लागला. वहिनी म्हणाली, यांना असं मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय. आणि वळण आलं. सगळ्यांचा दम संपत आला. कपाट तिरकं झालं आणि तिघांनीही दादाकडे पाहिलं.

दादाने हात पाठीमागे नेले.

“धर तू,” तो बहिणीला म्हणाला. “मी पाणी पिऊन येतो.”

तिने कपाटाखाली बोट लावलं. दादा सावकाश उठला, आत गेला. माठावरचं झाकण वाजलं. ग्लास भरल्याचा आवाज आला. मग दुसरा भरल्याचा.

“अजून एक घेतो गं!” तो आतून ओरडला.

“घे, घे,” ती म्हणाली. बोट तिने काढलं नाही.