लांब मानेचा प्लग

या, जवळ या असं. कधीपासून ‘येतो, येतो’ म्हणताय फोनवर, लाज नाही वाटत? बसा. आणि त्या फटफटीला हात लावू नका. तिचे मिस्त्री असते तर आधी तुमचा हातच हुंगून बघितला असता.

खरंच सांगते. धारूरचे आमचे मिस्त्री चाचा गाडीचा नवा प्लग आधी नाकाशी न्यायचे, मग नखानं खरवडायचे आणि म्हणायचे, “भाभी, हा शरीफ दिसत न्हाई.” एकदा कुणी जुनाच प्लग घासूनपुसून नव्या खोक्यात घालून दिला होता त्यांना. तेव्हापासून सीलबंद खोकं दिसलं की संशय दुप्पट. “एवढं झाकलंय कावून?” मी चहा दिला तरी पहिला सवाल, “दूध कुणाकडचं हाय?”

फटफटी आमच्या यांची. हे गेले नि ती ओसरीत उभीच राहिली. मागच्या दसऱ्याच्या आधी लेक म्हणाला, “आई, पूजेला सुरू झाली तर ठेवू. नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.” मी तडक चाचांना निरोप धाडला. तोवर लेकानं बीडहून चकचकीत प्लग आणलाही होता.

चाचांनी जुना प्लग काढला, नवा शेजारी धरला आणि दोन्हींच्या आट्यांवरून नख फिरवलं.

“ह्याची मान लांब हाय. आत जाऊन पिस्टनला टक्कर देईल.”

“दुकानदारानं गाडीचं नाव विचारून दिलाय, चाचा,” लेक म्हणाला.

“नाव विचारलं बे त्यानं. माप कुणी घेतलं?”

लेक माझ्या कानाशी आला. “गाडी त्यांनाच पायजे, म्हणून मोडता घालतायत.” मी त्याला अंगणात पिटाळलं.

चाचांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा प्लग काढला. त्याच्या ठिणगीच्या फटीत मापाची पातळ पत्ती सरकवली आणि हळूच माझ्यापुढं धरली. “भाभी, बघा जरा. अडकून जाती का मोकळी? अडकली तर माप बरोबर.”

मी बघतच राहिले. सख्ख्या भावाच्या डोळ्यांवर भरवसा न ठेवणारा माणूस!

“मोतीबिंदू लई वाढलाय,” ते पुटपुटले. “घरी कळलं तर दुकान बंद करतील. कुणाला बोलू नका.”

“अडकून जाती.”

“खरं ना?”

“खरं.”

मग त्यांनी प्लग बोटांनीच फिरवत बसवला. “पाना आधी लावला की आटे मरतात.” शेवटी तेवढा पान्याचा एक हलका पीळ.

लेकानं किक मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. भंगारवाल्याला लावायला त्यानं खिशातला फोन काढला, तशी मी त्याच्याकडं पाहिलं. तिसऱ्या किकला धडधड! धूर इतका, की शेजारच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. माझे डोळे भरले, ते धुरानं असं मी सांगितलं.

चाचा मात्र इंजिनाला कान लावून उभे. “चालू झाली. पण भरवसा न्हाई. उद्या परत बघतो.”

ते ‘उद्या’ बरेच दिवस चाललं. येऊन ऐकायचे, मान हलवायचे, चहावर शंका घ्यायचे. उन्हाळ्यात चाचाही गेले.

यंदाच्या दसऱ्यालाही गाडी सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भरवसा न्हाई म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून माझं काही मन भरलं नाही.

तर आता एवढे दिवस लावू नका. लवकर या परत, दोन दिवस राहायला. येताना प्लग मात्र आणू नका. आणलात तर मी मान मोजल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेणार नाही.