शेवटचं पान

लेखकाची सहा पुस्तकं निघाली आणि सहाही पुस्तकांत दोन पुरुषांचं प्रेम. सकाळी कुंड्यांना पाणी घालायचं, दुपारपर्यंत लिहायचं आणि लिहिलेलं भाजी निवडणाऱ्या आईला वाचून दाखवायचं, हा त्याचा शिरस्ता. आईचे हात थांबले की प्रकरण जमलं. हात चालूच राहिले तर पानं निमूट फाडायची.

सातव्या कादंबरीवर संपादकांचा फोन आला. "शेवटी दोघांतल्या एकाला मारा. वाचक ढसाढसा रडतील."

"रडवायला कांदा पुरतो," लेखक म्हणाला. "मी आणि माझा जोडीदार वीस वर्षं नांदतोय, गीझर कुणी चालू ठेवला यावरून रोज भांडतोय आणि दोघंही धडधाकट आहोत."

फोन ठेवला, तरी मनात किडा वळवळलाच. बघू तर खरं, म्हणून त्याने मरणाचं पान लिहिलं आणि आईपुढे वाचलं.

आईचे हात थांबले. लेखकाचा चेहरा पडला.

आईने जुडी खाली ठेवली. "छान लिहिलंयस. आता फाड ते. संध्याकाळी जावई कामावरून येतील, त्यांना मी कोणत्या तोंडाने चहा देऊ?"